पेज नदीकडे जाणारी वाट कंपाऊंडमध्ये गेली, आता काय करता येईल?

पेजकाठ:

नमस्कार मंडळी. आमचं गाव कर्जत तालुक्यात, पेज नदीपासून चार शेतं अंतरावर. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वाद वाढवायचा नाही, सोडवायचा आहे.

गावातून नदीवर जायला एकच सोयीची वाट. मारुतीच्या देवळामागून निघते, भाताच्या खाचरांच्या बांधावरून उतरते आणि करंजाच्या झाडांखालून पाणवठ्यावर पोचते. तिथे धुण्याचे मोठे दगड आहेत. त्याच्या जरा वर डोह आहे, गणपती तिथेच बोळवतो. दहाव्याचे विधीही तिथेच होतात. गुरं त्याच उतारावरून पाण्यावर जातात. वाटेच्या अलीकडे कातकरी वाडी आहे. तिथली माणसं पाग (मासे धरायचं फेकजाळं) घेऊन रोज नदीवर जातात, त्यांचं कालवण बरंचसं नदीवरच चालतं.

काठाची शेवटची दोन खाचरं काही वर्षांपूर्वी विकली गेली. मुंबईच्या एका कुटुंबाने घेतली. आधी नुसती तार होती आणि वाटेवरचं फाटक उघडं असायचं, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. दिवाळीनंतर दगडी भिंत चढली. शिमग्याच्या आठवडाभर आधी फाटकाला कुलूप लागलं. भिंतीचं टोक थेट पात्रातल्या कातळावर नेऊन टेकवलंय, त्यामुळे काठाकाठानेही जाता येत नाही. रखवालदार सांगतो, "नदीसुद्धा शेठच्या सातबाऱ्यात आहे."

पेज उन्हाळ्यातही आटत नाही. वर घाटावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीच्या वीजकेंद्रातून खाली येतं आणि नदीला मिळतं, म्हणून ती मे महिन्यातही वाहती असते. गावातल्या विहिरी मात्र तळाला जातात. आता बायका डांबरी रस्त्याने पुलापर्यंत जाऊन तिथून पात्रात उतरतात. डोक्यावर ओल्या कपड्यांचं घमेलं घेऊन, भर रहदारीतून. माझी आई साठीच्या पुढची आहे, तीही जाते.

सरकारी कार्यालयात विचारलं तर एका कर्मचाऱ्याने सांगितलं, सातबाऱ्यावर रस्ता नाही म्हणजे हक्क नाही. हे खरं आहे का? नदी कोणाच्या मालकीची असू शकते का? गावातली पोरं चिडली आहेत. रात्रीत फाटक काढून टाकू म्हणतात. त्यांना कसंबसं थांबवलंय. गणपतीच्या आत काही होईल का?

रानवाट:

ताई, तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज करा. आमच्या भावकीत शेतरस्त्याचा वाद होता, तो त्याच कलमाखाली मिटला. स्थळपाहणी झाली, पंचनामा झाला, बांधावरून रस्ता मिळाला. आणि रोजच्या रोज फोटो काढून ठेवा.

जुना भूकरमापक:

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो. रायगड आणि ठाणे जिल्ह्यांत नदीकाठच्या मोजण्या भरपूर केल्या, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. ताई, शेवटपर्यंत वाचा, कारण तुमच्या प्रकरणात मुदत चालू आहे.

आधी रखवालदाराचं म्हणणं. पेजेसारखी नदी कोणाच्या सातबाऱ्यात नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ यातलं कलम २० काढून वाचा. सार्वजनिक रस्ते, गल्ल्या, पायवाटा, पूल, खाड्या, नद्या, ओढे, नाले, तळी, साचलेलं आणि वाहतं पाणी, यांतलं जे जे कोणा व्यक्तीच्या मालकीचं सिद्ध झालेलं नाही ते सगळं राज्य सरकारचं. तुमचा गावनकाशा उघडा. नदीच्या पात्रावर सर्व्हे नंबर पडलेला दिसणार नाही. काठाची शेतं पात्राच्या रेषेपाशी संपतात. लहान ओहोळांची गोष्ट वेगळी. ओहोळ पुष्कळदा शेताच्या नंबरातूनच जातो आणि पोटखराब्यात, म्हणजे सातबाऱ्यावर लागवडीबाहेर दाखवलेल्या क्षेत्रात, धरलेला असतो. तिथे वाद घालायला जागा असते. पेजेवर नाही.

म्हणजे भिंतीचं जे टोक पात्रातल्या कातळावर आहे ते सरकारी जागेवर आहे. त्याच्यासाठी तुम्हाला वाटेचा हक्क सिद्ध करण्याची गरजच नाही. कलम ५० खाली अतिक्रमण म्हणून स्वतंत्र अर्ज द्या आणि हद्द कायम करण्यासाठी मोजणीची मागणी करा. स्वतंत्र अर्ज यासाठी म्हणतो, की नदीतली भिंत आणि शेतातली वाट एकाच कागदावर आली की अवघड मुद्द्यापायी सोपा मुद्दाही फायलीत अडकतो. हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने कैक वेळा पाहिलंय. शिवाय पात्रात बांधकाम केलं की पुराचं पाणी समोरच्या काठावर वळतं. पलीकडच्या शेतकऱ्यांनाही त्या अर्जावर सह्या करायला सांगा, त्यांचं नुकसान उघड आहे.

आता वाट. नदी सरकारची आहे म्हणून कोणाच्याही शेतातून तिच्याकडे जाता येतं, असा सरसकट हक्क आपल्याकडे नाही. हे मनाशी पक्कं धरा, नाहीतर पहिल्याच तारखेला समोरचा वकील तुम्हाला तिथेच गाठेल. तुमचा हक्क या एका वाटेवर आहे, आणि तो वहिवाटीचा आहे. तो दाखवायला कागद लागतात आणि माणसं लागतात.

कागद कुठले ते सांगतो. सातबाऱ्यावर रस्ता नाही, हे उत्तर अपुरं आहे. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात जाऊन गावनकाशाची नक्कल मागा. त्यावर तुटक रेषांची जोडी असेल तर गाडीवाट. एकेरी तुटक रेघ असेल तर पायवाट, आणि पायवाटेची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. ३३ फुटी साखळीचा तो चौथा हिस्सा. तुमच्या वर्णनावरून ही वाट जुनी वाटते. देवळामागून निघते आणि पाणवठ्यावर संपते, तेव्हा ती मूळ मोजणीत टिपली गेली असण्याची शक्यता चांगली आहे.

त्याच्यासोबत त्या दोन्ही नंबरांचं टिपण, गुणाकार बुक (क्षेत्रफळाचा हिशेब), आकारबंद (क्षेत्र आणि शेतसाऱ्याची नोंद) आणि फाळणी बारा (पोटहिस्स्यांची नोंद) मागा. टिपण म्हणजे जागेवर साखळी टाकताना केलेला कच्चा नकाशा. मोजणीदाराला शेतात जे दिसलं ते त्याने त्यावर काढलेलं असतं. झाड, विहीर, बांध, वाट. पुढे पक्का नकाशा करताना जी वाट गळली ती टिपणावर सापडते.

आणि पोटखराबा बघा, हे कोणीच बघत नाही. पोटखराब्याचे दोन वर्ग असतात. वर्ग अ म्हणजे लागवडीला अयोग्य, खडकाळ वगैरे जागा. वर्ग ब म्हणजे ज्या जागेचा आकार, म्हणजे शेतसारा, सरकारने मुद्दाम घेतलेला नाही, कारण ती लोकांच्या वापराची आहे. रस्ता, मान्य पायवाट, दफनभूमी, आणि खातेदाराशिवाय इतर लोक ज्याचं पाणी पिण्याला, घरकामाला किंवा शेतीला वापरतात असा ओढा किंवा तळं. त्या दोन खाचरांच्या सातबाऱ्यावर 'पो.ख. वर्ग ब' समोर दोन-तीन गुंठे जरी दिसले, तरी विचारायचं की हे गुंठे कशाचे. आकारबंदाशी ताडून बघा. संगणकीकरणात वर्ग ब चे आकडे वर्ग अ मध्ये गेलेली उदाहरणं मी स्वतः दुरुस्त केली आहेत.

रानवाट यांनी चांगल्या मनाने सांगितलंय, पण कलम १४३ इथे लागू पडत नाही. ते एका शेताच्या खातेदाराला दुसऱ्याच्या बांधावरून स्वतःच्या शेतात जाण्यासाठी आहे. तुम्हाला शेतात जायचं नाही, नदीवर जायचंय. त्या कलमाखाली अर्ज केलात तर काही महिन्यांनी तो फेटाळला जाईल आणि तोवर खरी मुदत निघून गेलेली असेल.

ती मुदत मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ ची. त्याच्या कलम ५ मध्ये शेतीसाठी वापरात असलेल्या विहिरीचं, तळ्याचं, नैसर्गिक प्रवाहाचं पाणी आणि तिकडे जाणारे रूढीचे रस्ते, यांत कोणी अडथळा आणला तर तहसीलदार तो दूर करू शकतात. मनाई हुकूमही देऊ शकतात. खर्च फार नाही, वकील नसला तरी चालतं. मात्र अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झालाच पाहिजे. तुमचं कुलूप शिमग्याच्या आधी लागलं, म्हणजे श्रावण उजाडण्याची वाट बघू नका. कुलूप रोज लागतं म्हणून रोज नवं कारण घडतं, असं कोणी सांगेल. त्या भरवशावर राहू नका. अर्जदार म्हणून अशी माणसं पुढे करा ज्यांची गुरं त्या पाण्यावर जात होती आणि ज्यांनी इंजिन लावून भाजीपाल्याला तिथून पाणी घेतलंय. कारण हा कायदा शेतीच्या वापराभोवती फिरतो. नुसतं धुणं आणि विसर्जन लिहिलंत तर अर्ज कमजोर होतो.

त्या पोरांना माझा निरोप सांगा. फाटकाला हात लावू नका. हात लावलात की दुसऱ्या दिवशी नुकसानीचा गुन्हा तुमच्यावर, आणि मग वाटेचं प्रकरण मागे पडून पोरांच्या जामिनाचं प्रकरण पुढे येतं.

नदीकाठी घर:

मी दुसऱ्या बाजूचा आहे म्हणून लिहितो. माझी जमीन उल्हास नदीला लागून आहे. विकत घेतली तेव्हा मीही फाटक उघडं ठेवलं होतं. गावच्या माणसांचा त्रास कधीच नव्हता. शनिवार-रविवारी गाड्या भरून पोरं यायची. बाटल्या फोडायची, स्पीकर लावायची. एका पावसाळ्यात त्यातला एक मुलगा बुडाला. मृतदेह दोन दिवसांनी खाली सापडला आणि पोलिसांनी मला बोलावून विचारलं की तुमच्या जागेतून ही मुलं गेलीच कशी. त्या मुलाचे वडील माझ्या ओट्यावर बसले होते. त्यानंतर मी कुलूप लावलं. सांगा, मी काय करायला हवं होतं? सगळ्यांना मोकळी वाट म्हणणं सोपं आहे, उत्तर मात्र मालकाला द्यावं लागतं.

जुना भूकरमापक:

तुम्ही लिहिलंत ते बरं केलं. त्या वडिलांची आठवण तुमच्या मनातून जाणार नाही, आणि कुलूप लावण्यामागची भीती खरी आहे.

पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. गाडी घेऊन आलेल्या पर्यटकाला तुमच्या शेतातून जाण्याचा हक्क नाही. तुम्ही त्याला जाऊ दिलंत तर ती तुमची परवानगी, आणि परवानगी केव्हाही काढून घेता येते. गावाची वहिवाट परवानगीवर चालत नाही. ईझमेंट ॲक्ट, १८८२ (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वहिवाटीच्या हक्कांचा कायदा) यातलं कलम १५ सांगतं की वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता वापर झाला की तो हक्क पक्का होतो. जमीन सरकारी असेल तर तीस वर्षं. ते कलम मुख्यतः एका जमिनीच्या सोयीसाठी दुसऱ्या जमिनीतून जाण्याचं आहे. गावाच्या पाणवठ्याच्या वाटेला रूढीचा आधार जास्त शोभतो. कलम १८ मध्ये रूढीने मिळणारे हक्क आहेत, आणि कलम २ मध्ये स्पष्ट म्हटलंय की लोकांचे जे रूढीचे हक्क कुठल्या जमिनीच्या मालकीवर अवलंबून नाहीत त्यांना हा कायदा धक्का लावत नाही. म्हणून ज्या कातकरी माणसाच्या नावावर एक गुंठाही नाही तोसुद्धा आपला हक्क सांगू शकतो.

हा हक्क जमिनीला चिकटलेला असतो. खरेदीखतात त्याचा उल्लेख नसला तरी विक्रीने तो संपत नाही. मूळ मालकाला जेवढं विकता येत होतं तेवढंच तुम्ही विकत घेतलंत.

आता व्यवहाराचं. तुमच्या काठावर गावची वहिवाट असेल तर ग्रामपंचायतीशी बसून लेखी ठरवा. वाट पायी जाण्यापुरती, गाड्या फाटकाबाहेर. सूर्यास्तानंतर फाटक बंद, गणपती आणि अंत्यविधी सोडून. बाहेरच्यांसाठी पाटी. पावसाळ्यात धबधब्यांवर आणि नदीवर जिल्हा प्रशासन मनाई आदेश काढतं, त्याची प्रत फाटकावर लावा. असा ठराव ग्रामसभेच्या इतिवृत्तात गेला की पोलिसांनी विचारल्यावर दाखवायला कागद असतो. अशी फाटकं मी पाहिली आहेत, आत-बाहेर करायला बाजूला माणसापुरती आडवी-तिडवी फट. गुरं जातात तिथे रुंद फट आणि खाली दगडी पायरी. गाडी जात नाही, म्हातारी बाई जाते.

महाडकर:

वरची चर्चा वाचून राहवलं नाही. आपल्याच जिल्ह्यात, तेव्हा कुलाबा जिल्हा होता, पाण्याच्या मालकीचा सर्वांत मोठा खटला झाला. मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ साली केला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. तरी कोणाची हिंमत झाली नाही. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते पाणी ओंजळीत घेतलं. त्यानंतर सवर्ण मंडळी कोर्टात गेली, म्हणणं हे की तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथे येऊ नये अशी पूर्वापार रूढी आहे. डिसेंबरात तात्पुरती मनाई मिळाली. बाबासाहेबांनी ती पाळली. २५ डिसेंबरला हजारो लोक जमले असतानाही तळ्याकडे जाण्याचं थांबवलं आणि कोर्टात लढले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. तळं नगरपालिकेचं ठरलं, आणि सांगितलेली रूढी अनादी काळापासूनची आहे हे सिद्ध झालं नाही.

हे सांगायचं कारण वेगळं आहे. ताई, तुमच्या अर्जावर पहिल्या पानावर कोणाच्या सह्या असतील? गावाची वहिवाट म्हणताना नेहमी देवळाजवळची घरं धरली जातात आणि वाडी सुटते. नदी रोजच्या पोटासाठी लागते ती वाडीला.

जुना भूकरमापक:

महाडकरांनी माझ्या मनातलं लिहिलं. कायद्याच्या दृष्टीनेही तेच उपयोगाचं आहे. रूढी सिद्ध होते ती वापराच्या सातत्यावर. गणपती वर्षातून एकदा. धुणं अलीकडे नळ आल्यावर कमी झालेलं असणार, समोरचा वकील तेच विचारील. पण पाग टाकणारा माणूस बारा महिने जातो. वाडीतल्या जुन्या माणसांचे जबाब सर्वांत बळकट ठरतील.

जबाब घेताना एक पद्धत सांगतो. "आम्ही पूर्वापार जातो" असं लिहू नका, प्रत्येक अर्जात तेच असतं. कुठल्या दगडावर बसून जाळं सोडता, पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात तेव्हा कुठे उभं राहता, मळे मासे कुठे मिळतात, वाम मासा कुठल्या कपारीत. जुन्या मालकाचं नाव काय, तो भेटला तर काय बोलायचा. शेत पिकात असताना बांधाच्या कुठल्या बाजूने जायचा. जुना मालक हयात असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या. माझ्या काळात लोक हक्काने जायचे, मी अडवलं नाही, कोणी माझी परवानगी मागितली नाही. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे.

आणखी दोन दारं आहेत. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३, सार्वजनिक रस्त्यावरचा आणि मोकळ्या जागेवरचा अडथळा पंचायतीला काढता येतो. वाट नकाशावर निघाली तरच हे चालवा. दुसरं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते १३३ होतं. लोकांच्या वापरातला रस्ता, नदी किंवा प्रवाह यावरचा बेकायदा अडथळा काढण्याचा सशर्त हुकूम प्रांताधिकारी देऊ शकतात. समोरच्याने असा हक्कच नाही म्हणून पुरावा दिला, तर ते तिथे थांबतं आणि दिवाणी न्यायालयात जावं लागतं. तिथे गावाच्या वतीने प्रातिनिधिक दावा करता येतो. ते लांबचं काम आहे, पण मामलेदार न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला तरी दिवाणीचं दार उघडं राहतं, एवढं लक्षात असू द्या.

नदीतल्या भिंतीच्या अर्जात सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर १९९६ चा निकाल जोडा. एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ. कुलू-मनालीच्या बाजूला बियास नदीच्या काठी एका मोटेलने पुरापासून स्वतःला वाचवायला यंत्रं लावून नदीचा प्रवाह वळवला होता. न्यायालयाने सांगितलं की नद्या, किनारे, जंगलं यांची सरकार लोकांच्या वतीने विश्वस्त म्हणून देखभाल करतं, ती खाजगी फायद्यासाठी देऊन टाकता येत नाहीत. भाडेपट्टा रद्द झाला, पात्र पूर्ववत करण्याचा खर्च मोटेलवर पडला. तुमची भिंत त्या मानाने लहान आहे, तत्त्व तेच लागू होतं.

पेजकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात बरंच काही झालं ते लिहिते.

गावनकाशा मिळाला. एकेरी तुटक रेघ आहे! देवळापासून निघते आणि पहिल्या खाचरातून जाते. पण दुसऱ्या खाचरात, जे काठाला लागून आहे, ती रेघ पुढे जात नाही. टिपण अजून मिळालं नाही, शोधावं लागेल म्हणाले. दुसऱ्या खाचराच्या सातबाऱ्यावर पोटखराबा आहे, पण सगळा वर्ग अ मध्ये.

महाडकर दादा, तुम्ही म्हणालात ते मला आधी सुचायला हवं होतं असं वाटत राहिलं, म्हणून दुसऱ्याच दिवशी वाडीवर गेले. तिथल्या एका आजींनी काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहून घेतलंय. भिंतीच्या आत जो चपटा दगड गेला आहे त्यावर त्यांच्या सासूबाई मासे सुकवायच्या. त्या दगडाला चार खळगे आहेत, मसाला वाटून वाटून पडलेले. जाळं दुरुस्त करायला पुरुष त्याच्याच बाजूला बसायचे. शेत ज्यांचं होतं ते बाबा भाताच्या पेंढ्या रचायला वाडीतल्याच माणसांना बोलवायचे आणि वाटेबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. ते बाबा आता नाहीत, त्यांचा मुलगा कल्याणला असतो. फोनवर बोलले, प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहेत.

वाडीतल्या लोकांची एक भीती आहे. त्या जागेत त्यातल्या काही जणांना माळीकाम आणि साफसफाईचं काम मिळतं. सही केली तर काम जाईल. मी त्यांना काय सांगू? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

नदीकाठी घर:

मालक म्हणून सांगतो, त्या कुटुंबाला थेट भेटा. रखवालदाराच्या तोंडून आलेला निरोप हा बऱ्याचदा मालकाचा निरोप नसतो. सरपंच, पोलीस पाटील, तुम्ही आणि वाडीतले दोन जण मिळून, रविवारी, नकाशा हातात घेऊन जा. मला कोणी अशी एकेरी रेघ दाखवली असती तर मी कोर्टापर्यंत जाऊ दिलं नसतं. वर काकांनी फट ठेवलेल्या फाटकाबद्दल लिहिलंय ते माझ्याकडे करायचं ठरवलंय.

जुना भूकरमापक:

भेटा, जरूर भेटा. पण दावा दाखल करून मग भेटा, किंवा त्याच आठवड्यात दोन्ही करा. बोलणी चालू आहेत म्हणून सहा महिने थांबत नाहीत, आणि "पावसाळा होऊ दे, मग बघू" हे वाक्य ऐकून मुदत घालवलेली गावं मी पाहिली आहेत.

सह्यांचं. पोटावर येणार असेल तर त्या माणसांना सहीला लावू नका. वाडीतले जे तिथे कामाला जात नाहीत ते अर्जदार होतील. म्हाताऱ्या माणसांना साक्षीदार म्हणून ठेवा. स्थळपाहणीला तहसीलदार किंवा मंडळ अधिकारी येतील तेव्हा तो चपटा दगड आणि त्याचे खळगे त्यांना दाखवा, पंचनाम्यात मापं घालून लिहून घ्या. लांबी, रुंदी, खळग्यांची खोली, फाटकापासूनचं अंतर. हे लिहायला अधिकारी विसरले तर सही करण्याआधी आठवण करून द्यायची. पंचनाम्यात जे आलं नाही ते पुढे कोणी बघायला येत नाही.

रेघ पहिल्या खाचरात थांबते याने घाबरू नका. पायवाट मधेच संपत नसते, शेताच्या मधोमध जाऊन कोणी परत फिरत नाही. पाणवठ्याकडे तोंड करून निघालेली रेघ काठापासून एका खाचरावर संपलेली असेल तर पुढचा भाग त्या काळी नदीची मळई (काठची गाळाची जमीन) म्हणून मोकळा असण्याचा संभव मोठा. म्हणून दुसऱ्या खाचराला नंबर कधी पडला ते शोधा. नंतरच्या काळात नदीकाठची मोकळी जागा लागवडीला दिली असेल, तर ती देतानाच्या हुकुमात अटी असतात. जुने फेरफार मागा, अगदी पहिल्यापासूनचे. आणि वर्ग अ झालेला पोटखराबा संगणकीकरणाच्या आधीच्या हस्तलिखित सातबाऱ्याशी ताडून बघा. तो तहसीलच्या अभिलेख कक्षात असतो.

टिपणाचा अर्ज परत करताना नुसतं "टिपण" लिहू नका. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, "मूळ मोजणीचे टिपण व त्यानंतरची सर्व पोटहिस्सा टिपणे" असं लिहा आणि पोच घ्या. सापडत नाही म्हणाले तर तसं लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की बहुतेक वेळा सापडतं. मिळालं की त्यावरची मापं इथे टाका, नंबर झाकून. आणे (साखळीचे सोळावे भाग) आणि साखळ्या फुटांत करून देतो.